बोलीचा आकडा आणि मैदानाचा हिशेब

मैदानावरचा मोसम संपला की चाहत्यांचा सुरू होतो. प्रो कबड्डीचा लिलाव, आयपीएलमधली खेळाडूंची अदलाबदल, हॉकी इंडिया लीगच्या संघांची यादी, यातलं काहीही जाहीर झालं की चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲपच्या गटापर्यंत निकाल लागायला सुरुवात होते. अमका फार महाग घेतला, तमका फुकटात पदरात पडला, या संघाचं यंदा काही खरं नाही. या निकालांत जाणकारी नसते असं कोण म्हणेल? चढाईपटू बोनस रेषेकडे नुसता झुकतो आहे की खरंच जाणार आहे, हे त्याच्या खांद्यावरून ओळखणारी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. पण जवळजवळ प्रत्येक मताच्या मुळाशी एक आकडा असतो आणि तो एकटाच वाचला जातो. 2014 मध्ये प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला पाटणा पायरेट्सनी 12 लाख 80 हजारांना घेतलं, तेव्हा ती सगळ्यांत मोठी बोली होती. 2018 मध्ये इराणच्या फझल अत्राचलीसाठी यू मुम्बाने एक कोटी मोजले आणि त्याच लिलावात मोनू गोयत दीड कोटीच्या वर गेला. 2023 मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सची बोली 2 कोटी 60 लाख 50 हजारांवर थांबली. नऊ वर्षांत वीसपट. डोळे दिपणारच. मात्र जिथे संघाच्या एकूण खर्चाला मर्यादा असते तिथे असा आकडा वाटा म्हणून वाचायचा असतो. तसा वाचला की संघ कशाच्या जोरावर जिंकतात ते वेगळं दिसू लागतं, आणि ते दिसलं की खेळाडू घडवणाऱ्या गावोगावच्या मंडळांना या सगळ्या हिशेबाबाहेर ठेवण्याला काही आधार उरत नाही.

आधी मर्यादेबद्दल. या पद्धतीचं सगळ्यांत कडक रूप पाहायचं तर उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीकडे, म्हणजे एनएचएलकडे जावं लागतं. तिथे 2004-05 चा अख्खा मोसम झालाच नाही. संघमालकांना पगारांवर मर्यादा हवी होती, खेळाडूंच्या संघटनेला ती नको होती, मालकांनी टाळेबंदी केली आणि बघता बघता वर्ष गेलं. शेवटी खेळाडूंनी मर्यादा मान्य केली, चालू करारांतल्या पगारांत 24 टक्के कपातही सोसली. पहिली मर्यादा प्रत्येक संघाला 3 कोटी 90 लाख डॉलरची होती. 2025-26 साठी ती 9 कोटी 55 लाख डॉलरवर गेली. ती वाढते कारण ती लीगच्या उत्पन्नाशी बांधलेली आहे, आणि खेळाडूंचा त्या उत्पन्नातला वाटा संघटनेशी झालेल्या करारात लिहिलेला असतो. कमीत कमी किती खर्च केलाच पाहिजे याचीही अट असते, म्हणजे कंजूष मालकाला संघ उपाशी ठेवता येत नाही. अर्थात नियम आला की पळवाट येतेच. 2020-21 मध्ये टॅम्पा बेचा निकिता कुचेरॉव्ह शस्त्रक्रियेमुळे साखळी फेरीभर बाहेर होता, त्याच्या पगाराइतकी सूट संघाला मिळाली, आणि मर्यादा लागू नसलेल्या बाद फेरीत तो ताजातवाना होऊन परतला. टॅम्पा बेने करंडक जिंकला. प्रतिस्पर्ध्यांचे चाहते याला लबाडी म्हणाले, पण तेव्हाच्या नियमात ते बसत होतं. आपल्याकडच्या लीगमध्ये इतकी गुंतागुंत अजून नाही. मर्यादा आयोजक ठरवतात आणि संघ ती पाळतात. 2023 मध्ये प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला पाच कोटी रुपये आणि किमान 18, कमाल 25 खेळाडू, असं गणित होतं. 2024 मध्ये सात वर्षांनी पुन्हा उभ्या राहिलेल्या हॉकी इंडिया लीगमध्ये पुरुषांच्या संघाला चार कोटी आणि 24 खेळाडू.

आता पवनचा आकडा पुन्हा पाहू. पाच कोटींतले 2 कोटी 60 लाख 50 हजार म्हणजे 52 टक्के. उरलेले 2 कोटी 39 लाख 50 हजार किमान 17 जणांत वाटायचे. त्या मोसमात तेलुगू टायटन्स 22 सामन्यांपैकी दोन जिंकले आणि बारा संघांत बारावे आले. पवनच्या चढायांना नावं ठेवायला जागा नव्हती. त्याच्या मागे उभं राहायला माणसं नव्हती. चढाईपटू बाद होऊन बाकावर बसला की त्याला परत आणायचं काम पकड करणाऱ्यांचं असतं. समोरच्याचा गडी बाद झाल्याशिवाय आपला गडी उठत नाही, हा कबड्डीचा मूळ नियम. मग दोन कोटी साठ लाखांचा गडी सामन्याचा किती वेळ बाकावर काढणार, हे कोपऱ्यातल्या नऊ-तेरा लाखांच्या बचावपटूवर ठरतं. हे एवढं एकच उदाहरण घेतलं तर चाहत्याचं मत बरोबर ठरेल: महाग घेतला, चूक केली. पण त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. तोही मर्यादेचा 47 टक्के वाटा. आणि पुणे साखळीत पहिलं आलं, 1 मार्च 2024 रोजी हरियाणा स्टीलर्सना 28-25 हरवून पहिल्यांदा विजेतंही झालं. एका लिलावात दोन संघांनी आपली अर्धी थैली एकेका खेळाडूवर रिकामी केली. एक पहिला, एक शेवटचा. म्हणजे मोठी बोली लावणं हा दोष नव्हे आणि गुणही नव्हे. उरलेल्या अर्ध्या थैलीत काय होतं, हा खरा प्रश्न.

पुण्याच्या त्या उरलेल्या अर्ध्या थैलीकडे नीट पाहण्यासारखं आहे. कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, त्या मोसमाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत ही मंडळी लिलावात कोट्यवधींची बोली लागून आलेली नव्हती. लीगच्या नियमात नव्या तरुण खेळाडूंना लिलावाबाहेर, ठरावीक कमी मानधनावर घेण्याची सोय आहे, आणि पुण्याने युवा पलटण नावाची स्वतःची तालीमच उभी केली होती. बरीचशी पोरं त्या वाटेने आलेली. अंतिम सामन्याचा नूर पालटला तो पंकज मोहितेच्या एका चढाईने: पहिल्या डावाच्या शेवटाकडे त्याने एकाच दमात चार गुण उचलले, आणि तीन गुणांच्या फरकाने सुटलेल्या सामन्यात ते चार गुण काय वजनाचे होते हे सांगायला नको. शादलूने मोसमभरात 99 पकडगुण मिळवले, ते त्याच्या किमतीला साजेसेच होते. पण त्याच्या पकडीला अर्थ आला तो आजूबाजूला स्वस्तात घडवलेली फळी होती म्हणून. आधीच्या मोसमातला दाखला तर याहून बोलका आहे. 2022 मध्ये तमिळ थलायवाजनी याच पवनला 2 कोटी 26 लाख 50 हजारांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला, मोसम संपला. चाहत्यांनी संघावर फुली मारली. पण नरेंदर नावाचा लिलावाबाहेरून घेतलेला नवखा पोरगा उभा राहिला, पहिल्याच मोसमात 243 चढाईगुण घेऊन गेला, आणि थलायवाज त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचले. तिथे त्यांना पुण्याने 39-37 असं हरवलं, ही गोष्ट वेगळी. हॉकीतही हेच दिसतं. 2024 च्या लिलावात हरमनप्रीत सिंगवर सूरमा क्लबने 78 लाखांची विक्रमी बोली लावली; पुरुषांचा करंडक मात्र श्राची राढ बंगाल टायगर्सनी नेला. महिलांच्या पहिल्या लीगमध्ये सर्वांत मोठी बोली उदितावर, 32 लाखांची. 26 जानेवारी 2025 च्या अंतिम सामन्यात ओडिशा वॉरियर्सचे दोन्ही गोल केले ते सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळने. लिलावाच्या दिवशी मथळ्यात तिचं नाव नव्हतं.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो बिनबुडाचा नाही. मोठा खेळाडू नुसते गुण मिळवायला घेत नाहीत. त्याच्या नावावर तिकिटं विकली जातात, जाहिरातदार येतात, टीव्हीसमोर माणसं बसतात. मालकाने पवनसाठी अर्धी थैली ओतली ती गुणतक्त्याकडे बघून नव्हे, असं म्हणता येईल. मान्य. पण प्रक्षेपणातून येणारा पैसा सगळ्या लीगच्या खेळावर मिळतो, आणि एकतर्फी सामन्यांनी त्या सगळ्याचंच नुकसान होतं. शिवाय नावावर जमलेला चाहता हरणाऱ्या संघाशी किती दिवस टिकतो? 2023 च्या नोव्हेंबरात मुंबई इंडियन्सनी हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणलं, पुढे रोहित शर्माच्या जागी कर्णधार केलं. नावाला काही तोटा नव्हता. वानखेडेवर आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली गेली आणि 2024 मध्ये संघ दहावा आला. हुर्यो उडवणाऱ्यांचं क्रिकेटचं मत बरोबर होतं की नाही हा वाद मी इथे घालत नाही. नावाच्या जोरावर चाहता बांधून ठेवता येतो हे गृहीत धरण्यात अर्थ नाही, एवढाच मुद्दा.

बोली हा खेळाडू वाटण्याचा एकच मार्ग नाही. दुसरा मार्ग निवडीचा: सगळ्या खेळाडूंची यादी समोर, मानधन आधीच ठरलेलं, संघांनी पाळीपाळीने एकेक नाव उचलायचं. अमेरिकेत यालाच ड्राफ्ट म्हणतात. एनएचएलमध्ये तो 1963 पासून आहे आणि गेल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला आधी निवड मिळावी हे त्यामागचं सूत्र. सूत्र चांगलं, पण त्यातून मुद्दाम हरण्याचा मोह निर्माण झाला. 1983-84 मध्ये मारिओ लेमियू हाती लागावा म्हणून पिट्सबर्ग संघ तळाशी जायला धडपडला असं आजही बोललं जातं, आणि 1995 पासून पहिल्या निवडीसाठी सोडत आली ती अशाच शंकांपायी. चाहत्यांचे तिथले वाद याच भोवती फिरतात: अठरा वर्षांच्या पोरात पुढचा तारा दिसतो की नाही. या भाकितांचा भरवसा किती धरावा? डेट्रॉइटचा पावेल दात्सुक 1998 मध्ये 171 व्या क्रमांकावर घेतला गेला, न्यूयॉर्कचा गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट 2000 मध्ये 205 व्या. पुढे दोघंही आपापल्या जागी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणले गेले, आणि त्यांच्या आधी निवडलेल्या दीड-दोनशे नावांतली बहुतेक आज कुणाला आठवत नाहीत.

आपल्याकडे ही निवडीची पद्धत खो-खोतही आली. 2022 च्या अल्टिमेट खो-खो लीगसाठी 240 खेळाडूंची यादी होती, त्यातून सहा संघांनी 143 जण उचलले. अ गटाला पाच लाख, ब गटाला तीन, क गटाला दीड आणि ड गटाला एक लाख. बोली नाही, हातोडा नाही. पहिला मोसम पुण्यात बालेवाडीला झाला आणि अंतिम सामना पाहिलेल्या कुणालाही या पद्धतीने संघ किती तोलामोलाचे झाले होते हे पटेल. तेलुगू योद्धा 45-43 असे पुढे, घड्याळात काही सेकंद उरलेले, आणि ओडिशा जगरनट्सच्या सूरज लांडेने आकाशीय सूर मारून गडी टिपला. त्या सुराला तीन गुण होते. 46-45. दुसऱ्या मोसमात, जानेवारी 2024 मध्ये कटकला, विजेता बदलला. गुजरात जायंट्सनी चेन्नईला 31-26 हरवलं. मागचे दोन्ही अंतिम फेरीवाले यावेळी नव्हते. कुठल्याही लीगला हवी असते ती हीच अनिश्चितता. पण निवडीच्या पद्धतीत एक गोम आहे. बोलीत निदान दोन मालक भिडले तर खेळाडूचा भाव चढतो. ठरलेल्या गटात तो चढतच नाही. करंडक ज्याच्या सुरावर फिरला त्याचं त्या मोसमाचं मानधन गटाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. समतोल संघांना मिळाला, त्याची किंमत खेळाडूंनी मोजली, आणि त्यांच्या मागे जे उभे होते त्यांचा तर विषयच निघाला नाही.

मागे उभे कोण होते? त्यासाठी धाराशिव जिल्ह्याइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं सापडणार नाही. कमी पावसाचा, कारखानदारी तुरळक असलेला हा जिल्हा खो-खोत मात्र वर्षानुवर्षं राज्याला, देशाला खेळाडू देतो, आणि त्यात मुली आघाडीवर. सारिका काळे इथल्या. 2016 मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या त्या कर्णधार होत्या, आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा खो-खोला तो 22 वर्षांनी मिळत होता. पुढे त्या तुळजापूर तालुक्याच्या क्रीडा अधिकारी झाल्या. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारतीय मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. आता तुळजापूर तालुक्यातलंच जळकोट घ्या. (लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं.) सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग मागे टाकलं की हे गाव लागतं. अशा गावात खो-खो का रुजतो याचं कारण साधं आहे: 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद सपाट जागा, दोन टोकांना दोन खांब, पाट्या आखायला चुना आणि एक शिट्टी, एवढ्यावर खेळ उभा राहतो. रुजल्यानंतरचा खर्च मात्र तेवढ्यात भागत नाही. पोरी किशोरी गटातून वर गेल्या की बूट लागतात, कारण अनवाणी पाय खांबाजवळच्या वळणावर सोलवटतात. जिल्हा निवड चाचणीला एसटीचं भाडं लागतं. परगावच्या स्पर्धेला चार रात्री मुक्काम असेल तर शिक्षकाला आधी घरोघर जाऊन आईवडिलांना पटवावं लागतं, आणि सोबतीला एखादी बाई न्यावी लागते. सराव सकाळी साडेपाचचा आणि पुन्हा संध्याकाळचा. हे सगळं बहुतेक वेळा कुणा क्रीडाशिक्षकाच्या नाहीतर मंडळाच्या चार जणांच्या खिशातून चालतं. या पोरींसाठी लीगच्या पहिल्या दोन मोसमांत एकही जागा नव्हती, कारण ते दोन्ही मोसम फक्त पुरुषांचे होते. मुलांसाठी जागा होत्या, पण जो मुलगा पाच लाखांच्या गटात उचलला गेला त्याला वयाच्या दहाव्या वर्षापासून पळायला शिकवणाऱ्या मंडळाच्या वाट्याला त्यातून द्यायची काहीच तरतूद नव्हती.

जगात सगळीकडे असंच चालतं असं समजायचं कारण नाही. फुटबॉलमध्ये 2001 पासून नियम आहे की, करार चालू असलेला खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबकडे विकला गेला तर व्यवहाराच्या रकमेतले पाच टक्के बाजूला काढायचे आणि त्याच्या वयाच्या 12 ते 23 वर्षांत त्याला ज्यांनी घडवलं त्या क्लबांना वर्षांच्या प्रमाणात वाटायचे. ब्राझीलमधल्या एखाद्या वस्तीतल्या क्लबला युरोपातल्या सौद्यातून वर्षाचा खर्च निघेल एवढी रक्कम मिळते ती या नियमामुळे. एनएचएलसारखी काटेकोर व्यापारी लीगसुद्धा कॅनडातल्या कनिष्ठ लीगला आणि युरोपातल्या राष्ट्रीय संघटनांना खेळाडू घडवल्याबद्दल पैसे देते. मालकांना ते दानधर्म वाटत नाही. पुढच्या वर्षी निवडायला पोरं हवी असतील तर विहिरीला झरे राहिले पाहिजेत, एवढं त्यांना कळतं. आपल्याकडे हे किती रुपयांचं काम आहे तेही पाहू. प्रो कबड्डीचे बारा संघ, प्रत्येकी पाच कोटी, म्हणजे 60 कोटींची मर्यादा. त्याचे पाच टक्के तीन कोटी. सबंध देशातल्या कबड्डीच्या पाळण्यांसाठी वर्षाला तीन कोटी, म्हणजे एका पवनपेक्षा जेमतेम 40 लाख जास्त. खो-खोच्या अ गटातल्या खेळाडूमागे 25 हजार, ड गटातल्या मागे पाच हजार. पाच हजारांची कुणी चेष्टा करू नये. संघाच्या राज्य स्पर्धेच्या भाड्यात त्याची मोठी भर पडते. ही रक्कम खेळाडूच्या मानधनातून कापायची नाही आणि संघाच्या मर्यादेतही मोजायची नाही, ही अट मात्र हवी. मर्यादेत मोजली तर ज्या पोराच्या मागे मंडळ आहे तोच संघाला महाग पडेल, आणि मंडळाचं नाव लपवण्यात खेळाडूचं हित निर्माण होईल.

आता आक्षेप. पहिला: सरकार देतंच आहे की. विश्वचषकानंतर राज्य सरकारने महाराष्ट्राच्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. चांगलंच केलं, लीगच्या अ गटातल्या 45 मोसमांइतकी ती रक्कम आहे, आणि वर्षानुवर्षं उपेक्षित राहिलेल्या खेळाला ती मिळाली याचा आनंदच वाटायला हवा. पण ते बक्षीस आहे. ते पदक मिळाल्यावर येतं, पदक मिळालेल्याकडे येतं. ज्या गावातून अजून पदक निघालेलं नाही तिथल्या बुटांचा खर्च त्यातून निघत नाही, आणि उद्या विश्वचषकात तिसरे आलो तर सरकारचा हात इतका सैल राहील का, याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. टक्केवारीचा नियम मर्जीवर चालत नाही, दरवर्षीच्या व्यवहारावर चालतो.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे: पैसा दिसला की मंडळं उगवतील. ज्या पोराला कुणी पाणी विचारलं नाही त्याची तीन-तीन मंडळं दावा सांगायला येतील, आणि जिल्हा संघटनेतल्या गटबाजीला नवं खाद्य मिळेल. आपल्या क्रीडा संघटनांचा इतिहास पाहता ही भीती उगीच आहे असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण खो-खोत एक सोय आयतीच आहे. किशोर, कुमार आणि खुला अशा गटांच्या जिल्हा स्पर्धा दरवर्षी होतात, आणि त्यात कोणता खेळाडू कोणत्या मंडळाकडून किंवा शाळेकडून उतरला हे प्रवेशिकेवर लिहिलेलं असतं. ही नोंद पैशाचा प्रश्न निघण्याच्या आठ-दहा वर्षं आधी झालेली असते, तेव्हा ती बनावट असण्याचं कारण कमी. वाटप त्या प्रवेशिकांवरून, वर्षांच्या प्रमाणात करायचं. ज्याचं नाव प्रवेशिकेवर नाही त्याचा दावा नाही. फुटबॉलनेही शेवटी हेच केलं. क्लब एकमेकांना पैसे देईनात म्हणून 2022 मध्ये पॅरिसला वेगळं वसुली केंद्र उघडलं आणि प्रत्येक खेळाडूच्या नोंदणीचा इतिहास त्याच्या नावापुढे ठेवला. धुळ्याच्या नाहीतर धाराशिवच्या संघटनेला पॅरिसइतकी यंत्रणा लागणार नाही. जुन्या प्रवेशिका रद्दीत न घालता संगणकावर चढवल्या तरी निम्मं काम होईल. शाळेकडून खेळलेल्या मुलाचं काय, हा पोटप्रश्न राहतो. तिथे पैसे शाळेच्या क्रीडा खात्यात जमा व्हावेत, शिक्षकाच्या नावावर नकोत; शिक्षकाची बदली होते, मैदान तिथेच राहतं.

तिसरं म्हणणं खुद्द लीग चालवणाऱ्यांचं असेल: आमचंच भागत नाही, तुम्ही कुठे पाच टक्के मागता? नव्या लीगचे पहिले मोसम तोट्यात जातात हे खरं आहे, आणि खो-खोसारख्या खेळात पैसा घालणाऱ्यांबद्दल कृतज्ञच राहायला हवं. पण 2022 च्या लीगमध्ये विजेत्या संघाचं बक्षीस एक कोटीचं होतं. 143 खेळाडू सगळेच्या सगळे अ गटातले धरले तरी त्यांचं मानधन सव्वासात कोटींच्या आत राहतं, म्हणजे पाच टक्के 36 लाखांच्याही आत. प्रत्यक्षात बरेच खालच्या गटांतले, तेव्हा रक्कम आणखी बरीच कमी. विजेत्याच्या बक्षिसाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासची ही रक्कम लीग बुडवेल हे पटण्यासारखं नाही. काही जण म्हणतील, मर्यादाच काढून टाका, खेळाडूंना बाजारभाव मिळू द्या, म्हणजे ते आपापल्या गावाला स्वतःच मदत करतील. कित्येक खेळाडू आजही करतात. पण मर्यादा गेली की दोन श्रीमंत मालक निम्मे चांगले खेळाडू बाकावर बसवून ठेवतील, सामने एकतर्फी होतील, आणि अशा लीगला टीव्ही किती वर्षं दाखवील? मर्यादा राहावी, तिच्या जोडीला ही तरतूद यावी.

नियम सुरू कुठून करायचा, याचंही उत्तर धाराशिवकडे बोट दाखवतं. चालू लीगमध्ये जुने करार, जुने खेळाडू, जुनी भांडणं असतात. महिलांच्या खो-खोची लीग अजून उभी राहायची आहे. तिथे पाटी कोरी आहे. ती उभी राहील तेव्हा निवडीच्या यादीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे गट आणि मानधन असेलच. त्याच ओळीत, किशोरी गटापासून ती ज्यांच्या प्रवेशिकेवर खेळली त्या शाळेचं नाहीतर मंडळाचं नाव छापायला एक रकाना जास्त लागेल, आणि तो भरायची माहिती जिल्हा संघटनेच्या कपाटात आजच पडून आहे.